जाऊबाईची सावली

सासऱ्यानं तलावाचे दोन काठ दोन सुनांना वाटून देले. जाऊबाईच्या काठावर पळसाचं जंगल, माझा काठ बोडका. मासोळी सारी तिच्याच जाळ्यात. सौसरच्या बाजारात लोक तिलेच विचारत येत.

सासरा म्हने, "पळसाचा पाला पान्यात पडते, त्याच्यावर किडे होतेत. म्हनून मासोळी तिकडं जाते."

मंग पडूच नये पाला! जाऊबाई माहेरी गेली, तशी मी नवऱ्याकडून सारी झाडं तोडवून घेतली.

ती परत आली. भर दुपारी तोडलेल्या झाडांच्या थुटांमधी बसून जाळं विनू लागली. मासोळीची टोपली तरी भरलेलीच.

इकडं उन्हानं माझं डोकं फुटत होतं, अन् तिच्या लुगड्यावर पानाची सावली हलून राहिली होती.

"जाऊबाई, ऊन लागत नाही का तुमाले?" मी या काठावरून वरडली.

"कायचं ऊन वं?" केसातलं हिरवं पान काढत ती बोलली.

मी जळफळत पान्यात पाह्यलं. तिचं जंगल पान्यात जसंच्या तसं उभं होतं, अन् ती त्याच्याखाली बसली होती.

मंग मी माझ्या पायाशी वाकून पाह्यलं. पान्यात मी नव्हती. तिथं नुकताच तोडलेला एक बुंधा होता, अन् त्याच्यातून लाल चीक गळून राहिला होता.