माजोंगच्या टेबलावरचा कॅमेरा

पहिल्या कॅमेऱ्यात सोंगट्यांची लापशी झाली.

वानछिंगने चित्र मोठं करून पाहिलं. टेबलाची कड स्वच्छ होती, चहाचे पेले स्वच्छ होते. हातांखाली घुसळल्या जाणाऱ्या, माजोंग या चिनी खेळाच्या सोंगट्या मात्र एकमेकींत विरघळल्या होत्या. तिने पहिल्या विक्रेत्याचं नाव मनातून खोडलं.

चीनमधल्या शेनझेन शहरात तिची बटणं निवडणारी यंत्रं बनवायची लहानशी कंपनी होती. पट्ट्यावरून पळणाऱ्या बटणांतलं टवका उडालेलं बटण कॅमेऱ्याने ओळखायचं. कॅमेरा म्हणजे काड्यापेटीएवढी उघडी सर्किटची पाटी, पुढे भिंग, मागे संगणकाला जोडायची यूएसबीची वायर. विकणारे गल्लोगल्ली होते. आपल्या कॅमेऱ्याला धावती वस्तू थांबल्यासारखी दिसते, असं प्रत्येक जण छातीठोक सांगे. तिघांचे नमुने तिने मागवले होते. पट्टा अजून जोडून व्हायचा होता, पण बटणांपेक्षा वेगाने पळणारं काहीतरी रोज दुपारी तिच्या घरातच होतं.

तिची आई ग्वेईलान आणि आईच्या तीन मैत्रिणी, चिओंग, तेंग आणि युन. कारखान्यांच्या मागे लीचीच्या बागा होत्या, त्या काळी या चौघी एकाच बसने हुनान प्रांतातून बटणांच्या कारखान्यात कामाला आल्या होत्या. एका खोलीत दुमजली पलंगांवर झोपायच्या, एका आरशात वेण्या घालायच्या. सुट्टीच्या दिवशी पलंगाखालून खोकं ओढून डाव मांडायच्या. सोंगट्यांचा तो खळखळाट वानछिंगने पाळण्यात ऐकला होता.

वडील गेले तेव्हा आईने जेवण सोडलं, केस विंचरणं सोडलं. मग तिघी रोज दुपारी येऊ लागल्या. हळूहळू आई त्यांच्यासाठी चहा ठेवू लागली, सूर्यफुलाच्या बिया भाजू लागली, स्वतःही दोन घास खाऊ लागली.

एकच गोष्ट खटकत होती. आई सारखी जिंकायची.

"जन्मभर बटणं वेचलेली बोटं ती," चिओंग मावशी वानछिंगला ऐकवायची. "दोन सोंगट्या बाहीत गेल्या तर देवालाही कळायचं नाही."

बाकीच्या दोघी खिदळायच्या. आई उत्तर न देता आपल्या सोंगट्या लावत बसायची. तिचं ते गप्प राहणंच वानछिंगला खुपायचं.

त्यामुळे टेबलावर कॅमेरा टांगू का, असं तिने विचारलं ते चाचरतच. चिओंग मावशीने लगेच खुर्ची सरकवून जागा करून दिली. "टांग, टांग. आज चोर सापडू दे."

वानछिंग कॅमेरा टांगू लागली. आई खरंच लबाडी करत असली आणि ती पडद्यावर दिसली, तर उद्यापासून या टेबलाशी आई एकटी बसेल. तिला असा कॅमेरा हवा होता ज्याला सगळं दिसेल, आणि तेच नको होतं.

दुसऱ्या विक्रेत्याने नमुन्याबरोबर फळांची करंडी पाठवली. त्याच्या कॅमेऱ्यात सोंगट्या वाचता येत होत्या, पण सगळ्या वाऱ्यात वाकलेल्या बांबूंसारख्या तिरक्या. तो चित्र ओळीओळीने टिपत होता आणि खालची ओळ टिपेपर्यंत सोंगटी पुढे निघून जात होती. तिने फोन केला तेव्हा विक्रेत्याने वस्तू जरा हळू हलवून पाहायला सुचवलं. तिने आभार मानून फोन ठेवला. आईचे हात यातही नीट दिसले नव्हते, म्हणून तिला थोडं हायसंच वाटलं.

तिसरी विक्रेती नी बाई. फळं नाहीत, जेवणाचं आमंत्रण नाही. पुढच्या खेपेत आतली चिप बदललेली निघाली तर सगळा माल परत घेईन, एवढं बोलून तिने नमुना हातात ठेवला होता.

त्या संध्याकाळी मैत्रिणी घरी गेल्यावर वानछिंग चित्रं बघायला बसली. सोंगट्या हवेत थिजल्यासारख्या दिसत होत्या. एकेकीवरची रेघ न् रेघ वाचता येत होती. पुरवठादार ठरला होता. तरी ती पुढे बघत राहिली.

आईचे हात स्वच्छ होते. बाहीत काही गेलं नाही, बाहीतून काही आलं नाही. वानछिंगने सुस्कारा सोडला.

मग डाव संपल्याचं चित्र आलं. जिंकणारी आपल्या सोंगट्या उघड्या मांडते. हरलेल्या मात्र आपल्या सोंगट्या, कुणी पाहायच्या आत, मधल्या ढिगात लोटून देतात. लोटताना त्या कोलमडतात आणि निमिषभर उताण्या होतात. डोळ्याला ते दिसत नाही. नी बाईच्या कॅमेऱ्याला दिसलं होतं.

चिओंग मावशीचा डाव एका सोंगटीवर अडला होता. ती सोंगटी आईने केव्हाच टाकली होती, चिओंगच्या समोरच पडली होती. ती उचलली की डाव जिंकला, पण चिओंगने ती उचललीच नव्हती. पुढच्या डावात तेंग मावशीनेही तेच केलं होतं. त्याच्या पुढच्यात युन मावशीने. दुपारभर तिघी आळीपाळीने जमलेले डाव ढिगात लोटत होत्या.

मागे चाहूल लागली. आई पेरूच्या फोडींची बशी घेऊन उभी होती. तिने चष्मा सावरला आणि पडद्याकडे पाहिलं.

"हा चांगला आहे. हाच घे."

"आई, या तिघी तुला मुद्दाम..."

"मला कॅमेरा नाही लागत त्याला. जमलेला डाव सोडताना चिओंगची मान खाली जाते, लग्नाआधीपासून." आईने बशी पुढे सरकवली. "त्यांना सांग, यातही काही दिसलं नाही. मला जिंकून जिंकून वीट आलाय गं. पण मी कधीच सावरलेय, हे त्यांना कळलं तर त्या रोज कशाला येतील?"