पूर्ण भार

खिडकीतून आलेले सकाळचे फिकट ऊन दवाखान्याच्या फरशीवर बराच वेळ रेंगाळले, मग बाकावर चढले आणि शर्वरीच्या उजव्या मांडीवर टेकले. त्या मांडीच्या हाडात बसवलेल्या सळईने तिचा आखूड पाय कणाकणाने लांबवला होता. लांबवण्यासाठी कापलेल्या हाडाच्या मधल्या फटीत नवे हाड भरले नसेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया होती.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. “छान भरलंय हाड. टाक पूर्ण भार.”

“बाबा, हात सोडा की! चालायचं मला आहे, तुम्हाला नाही.”

निरंजनने लेकीचा हात सोडला. ती दारापर्यंत सरळ चालत गेली आणि त्याच्या छातीवरचे दडपण उतरले. इतकी वर्षे कुणी विचारले की तो हसून म्हणे, “लाडाने झुलत चालते.” आज त्याने मनाशी मान्य केले. शर्वरी आजवर लंगडत होती.