वाऱ्याच्या जागी

"वारा ही निसर्गाची फुकट देणगी आहे! कोळशाचे दिवस आता भरले!" मुख्य अभियंत्यांनी सभेत जाहीर केलं. टाळ्या विरायच्या आत घाटमाथ्यावरच्या पवनचक्क्या थांबल्या आणि कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलर सांभाळणाऱ्या खैरनारांचा फोन वाजला.

"साहेब, वारा पडला. तूट तुम्ही भरून काढा, लोड वाढवा," वीज नियंत्रण कक्षातली मुलगी म्हणाली.

खैरनार इस्त्रीचा सदरा घालून निघायच्याच बेतात होते. लेकीचा साखरपुडा होता. दिवसभर जोराचा वारा राहील असा अंदाज होता, म्हणून तर अर्ध्या दिवसाची रजा मिळाली होती. वारा गेला, तशी रजाही गेली.

बॉयलर म्हणजे काही गॅसची शेगडी नव्हे, की कान पिळला आणि पेटली. म्हातारा बॉयलर कुरकुरत, कण्हत तापला, तोवर वारा परतला. "लोड उतरवा, साहेब." उतरवला, तर वारा पुन्हा गायब. कागदोपत्री वारा फुकटच राहिला. त्याच्यामागे धावायला कोळसा, तेल आणि खैरनार तेवढे लागले.

संध्याकाळी वारा एकदाचा स्थिरावला, तेव्हा त्यांनी घरी फोन लावला.

"आटोपलं सगळं," बायको म्हणाली. तिचा आवाज रागावण्याच्याही पलीकडे गेला होता. "मुहूर्त टळत होता. तुमच्या पाटावर आमच्या दादाला बसवलं."

खैरनार खुर्चीत टेकले. दिवसभर त्यांनी वाऱ्याची जागा भरून काढली होती आणि त्यांची, दादानं.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "फक्त माझ्या वाटची बासुंदी त्याला देऊ नकोस."