धुऱ्यावरचा चिवडा

मेडशीच्या शिवारातली शेवटची तूर सोंगून झाली तेव्हा दुपार कलली होती. बायांनी विळे पेंढ्यांत खोचले आणि त्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बाभळीखाली येऊन टेकल्या. योगिनीनं तीन दगडांची चूल पेटवली. सोंगणी संपली की बायांना शेतातच चिवडा करून घालायचा, हा तिचा नेम होता. नवरा, शिवम, अपघातात गेला त्या वर्षीही तिनं तो मोडला नव्हता.

तिनं शेंगदाणे तळून बाजूला काढले. त्याच तेलात खोबऱ्याचे काप, मिरच्या नि कढीपत्ता परतला, हळद, तिखट, मीठ टाकलं आणि सगळं परातीतल्या मुरमुऱ्यांवर ओतलं. वरून फुटाणे घातले. मग रिकाम्या कढईत गूळ विरघळायला टाकला.

तिची सासू कस्तुराबाई चुलीजवळ उकिडवी बसली होती. एरवी ती बायांमध्ये बसून गप्पा हाणायची. आज तिची नजर कढईवरून हलत नव्हती.

"गूळ किती घेतला?" तिनं विचारलं.

"अंदाजानं, आत्याबाई."

"अंदाज नोको सांगू. मुठीनं सांग."

योगिनीनं वर पाहिलं. "तुमाले कायले पाह्यजे?"

"पुढच्या साली मलेच करा लागीन ना."

बायांनी माना वळवून चुलीकडं पाहिलं. उद्या सकाळी धनजहून पाहुणे येणार होते. देवळात माळा घालून योगिनीला घेऊन जाणार होते. हे स्थळ कस्तुराबाईनंच शोधलं होतं. योगिनीच्या भावाला तिनंच तयार केलं होतं आणि भावकीतल्या लोकांची तोंडंही तिनंच बंद केली होती. योगिनीनं मान हलवली होती, पण त्या दिवसापासून ती सासूशी कामापुरतंच बोलत होती.

गोमतीबाईला राहवलं नाही. ती या शेतात कैक वर्षं कामाला येत होती, म्हणून तिला बोलायचा हक्क होता.

"बाई, शिवमची आठवण म्हणून तरी घरात ठेवा लागत होती पोरीले."

"आठवणीले फोटो हाये त्याचा भिंतीवर," कस्तुराबाई म्हणाली. "जितं माणूस कायले टांगून ठेवू?"

योगिनी गूळ ढवळत होती. मान खाली घालूनच ती म्हणाली, "काढून राह्यल्या तुमी मले. मी जड झाली तुमाले."

"काढून नाई राह्यली. देऊन राह्यली. लेक देतात तशी."

"अन् मी नाई जात म्हटलं तर?"

 कस्तुराबाईनं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं.

"दिवस बुडाल्यावर आतून कडी लावली का घर केवढं मोठं होते, ते मले मालूम हाये," ती म्हणाली. "शिवमचा बाप गेला तवा तो पाळण्यात तरी होता. तुह्याजवळ तेही नाई. तुले नाई मालूम पडू देत मी ते."

गुळाला करपल्याचा वास यायला लागला. योगिनीनं घाईनं कढई उतरवली, शेंगदाणे त्यात घोळले आणि परातीत ओतले. भाजेल म्हणून तिनं हात मागं घेतला, तर कस्तुराबाईनं पुढं होऊन दोन्ही हातांनी चिवडा कालवायला घेतला.

"चटका बसंन, आत्याबाई."

"बसू दे."

बायांनी पळसाच्या पानांवर चिवडा घेतला.  "गोड झाला, बाई," असं गोमतीबाई म्हणाली. तुरीच्या ओळी गेल्यामुळं शेत आरपार दिसत होतं. पार मेडशीच्या रस्त्यापर्यंत. रस्त्यावरून एक एसटी गेली तेव्हा योगिनी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

बाया उठायला लागल्या, तशी कस्तुराबाई परात घेऊन योगिनीसमोर उभी राहिली.

"पदर धर."

"काहून?"

"उद्या देवळात सवाष्णी भरतीन ओटी तुही. मले पांढऱ्या कपाळाच्या बाईले कोण पुढं येऊ देते? मी इथंच भरतो."

"इथं तांदूळ कुठं हायेत, आत्याबाई?"

"मुरमुरे काय ज्वारीचे असतात?"

योगिनी हसली. हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला. कस्तुराबाईनं त्यात एक ओंजळ टाकली, मग दुसरी. ओठ हलत होते, पण ती काय म्हणत होती ते कोणाला ऐकू आलं नाही.

गोमतीबाई मागं उभी होती. तिचंही कपाळ मोकळंच होतं. तिनं लुगड्याला हात पुसले, पुढं येऊन परातीतून एक ओंजळ घेतली आणि योगिनीच्या पदरात टाकली. तिच्यामागून दुसरी आली. मग बाकीच्याही आल्या. विधवा कोण नि सवाष्ण कोण, हे कोणी पाहिलं नाही. परात रिकामी झाली.

योगिनीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पदर सुटेल म्हणून तिला हात हलवता येईना. तिचे डोळे पुसायला कस्तुराबाईनं हात उचलला आणि तसाच अर्ध्यावर थांबवला. बोटांना सगळं तिखटमीठ लागलेलं होतं.