वहीतली ती

"आज तिची फार ओढ लागली," कल्पिताने वाचले आणि पान उलटले. पुढच्या पानावरही तेच वाक्य होते, फक्त तारीख निराळी.

देवेश दाराशीच थबकला. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यातून तो नुकताच घरी येत होता. सोळा दिवस दोन माणसांचे काम एकट्याच्या अंगावर होते, आणि आज साहेबांनी सगळ्यांसमक्ष त्याला सांगितले होते, की सोमवारपासून यायचे की नाही ते फोनवर कळवू. ते घरात कसे सांगावे, याची जुळवाजुळव करीतच तो जिना चढला होता.

त्याच्या डब्याची कालची पिशवी धुवायला काढताना कल्पिताला ती वही सापडली होती. शाळेत हजेरी घेतात तशा सपाट आवाजात ती वाचत गेली. साहेब ओरडले, जेवण गेले नाही, तिच्याशिवाय काही सुचेना. कोलशेतपर्यंत जाऊन आलो, रिक्षातून उतरलोच नाही, तिला न भेटता परतलो. शनिवारी वर्तकनगर, सगळे बोललो, मोकळे वाटले.

"वर्तकनगरला ओव्हरटाइम चांगला मिळतो वाटतं," ती म्हणाली. लग्नाला चार महिने झाले होते.

वही वर्तकनगरच्या समुपदेशकांनीच लावून दिली होती; दर शनिवारी तो ओव्हरटाइम सांगून त्यांच्याकडे जायचा. रोजचा ताण लिहायचा, ताणामागोमाग येणारी ओढही लिहायची. नाव मात्र लिहायचे नाही. नाव लिहिले की जीभ कोरडी पडते आणि हात आपोआप शोधू लागतात. म्हणून देवेशने गर्दच्या पावडरला 'ती' म्हटले होते. मराठीत पावडर स्त्रीलिंगी, त्याला दुसरे सर्वनाम सुचलेच नव्हते. एकोणीस महिने त्याने तिला हात लावला नव्हता.

कल्पिताला यातले काहीच ठाऊक नव्हते. लग्नाच्या बोलण्यांत त्याच्या आईने, विनिताबाईंनी, व्यसनमुक्ती केंद्रातले सहा महिने कंपनीच्या गुजरातच्या कामात बसवून टाकले होते, आणि देवेश चहाच्या बशीकडे बघत राहिला होता. पुढे दर शनिवारी त्याने ठरवले की आज सांगायचे, आणि दर शनिवारी तो ओव्हरटाइमहून परत आला.

आज मात्र त्याला वाटले, बरे झाले. वहीनेच सुरुवात करून दिली आहे, आता पुढचे एक वाक्य तेवढे आपले.

"कल्पिता, ती म्हणजे बाई नाहीये," तो म्हणाला. "बस जरा. सगळं सांगतो तुला."

"सांगायचं काय राहिलंय आता?"

हे विनिताबाई बोलल्या. स्वयंपाकघराच्या दारात त्या पदराला हात पुशीत उभ्या होत्या. त्यांनी सारे ऐकले होते. देवेशकडे न बघता त्या सुनेजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"होती एक मुलगी. वर्तकनगरची. करिश्मा नाव. लग्नाच्या आधीचं आहे सगळं, मीच मोडलं ते. मनातून जायला वेळ लागतो गं पुरुषांच्या. जाईल."

देवेश आईकडे बघत राहिला. केंद्रातल्या पहिल्या आठवड्यात भिंतीवर डोके आपटून घेत होता, तेव्हा ते डोके याच हातांनी मांडीवर धरून ठेवले होते. दर रविवारी केंद्राबाहेरच्या बाकावर हीच बाई भेटीची वेळ होण्याची वाट बघत बसायची. करिश्मा नावाची कोणी नाही, हे आईइतके कोणालाच ठाऊक नव्हते. आता क्षणभर आईने त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. बाईचे प्रकरण निभावून नेता येते, व्यसनाचे नाव या घरात उच्चारू नकोस, सून राहणार नाही.

बोलायला त्याने तोंड उघडले. पण या घरात त्याच्या एकोणीस महिन्यांना एकच साक्षीदार होती, त्याची आई, आणि तिनेच साक्ष फिरवली होती. यापुढे तो जे सांगेल ते एका पकडल्या गेलेल्या नवऱ्याची सारवासारव ठरेल. त्याची जीभ कोरडी पडली. हात आपोआप खिसे चाचपू लागले. सकाळी साहेबांच्या शब्दांनी जी ओढ नुसती कूस बदलून पडली होती, ती आता उठून बसली. सोमवारची गोष्ट सांगायची राहूनच गेली.

कल्पिताने वही मिटून टेबलावर ठेवली आणि कडेला सरळ लावली.

"एकच विचारते," ती म्हणाली. "तुम्ही अजून जाणार आहात तिच्याकडे?"

चार महिन्यांत तिने त्याला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटले होते.

"हो," देवेश म्हणाला. "आत्ताच चाललोय."

त्याच्या आवाजात भांडण नव्हते. वळून तो जिना उतरू लागला, आधी सावकाश, मग भराभर.

कल्पिता जागची हलली नाही. विनिताबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. सुनेच्या खांद्यावरचा हात काढून त्या अनवाणीच धावत सुटल्या, कठडा धरून दोन मजले खाली गेल्या. "नको रे देवेश, तिच्याकडे नको, पाया पडते तुझ्या," हे त्यांचे शब्द जिन्यातून वर येत राहिले.

ते ऐकताना कल्पिताला पहिल्यांदा रडू आले. या घरात आपल्या बाजूचे निदान एक माणूस तरी आहे, असे तिला वाटले.