तपकिरी पाणी

जस्ताचा जुना कारखाना कुंपणापलीकडेच, त्यामुळे केम्पेन भागातल्या आमच्या गल्लीत परसातली भाजी तपासून घ्यावीच लागते. यंदा शेजारच्या ल्युदोची माती विषारी निघाली, पण तिच्यातला लीक, म्हणजे कांद्यासारखी जाड पातीची भाजी, स्वच्छ! ल्युदो फुगलाच.

"माझ्या कुजवलेल्या पाल्याच्या पाण्याची करामत! पिंप मी भरतो, गुडघेदुखीमुळे बादल्या तेवढ्या माझी बायको ख्रीत नेते. लीकला दुसरं काही घातलंच नाही कधी."

तपासायला आलेली पोरगी गोंधळली. "पण काका, कॅडमियमचं विष मातीला चिकटून बसलेलं असतं. हे तपकिरी पाणी त्याला सोडवून थेट मुळांशी नेतं. हे घातलं असतं, तर लीक खायच्या लायकीचा राहिला नसता."

ल्युदोने बायकोकडे पाहिलं. ख्रीत निवांत सूप वाढत होती.

"असं बघू नकोस. केवढा घाण वास त्याला! खायच्या भाजीवर ओतेन होय मी? सगळं माझ्या डेलियाच्या फुलझाडांना घातलं."

ल्युदोने खिडकीतून छपराला टेकलेल्या डेलियांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"तरीच! जत्रेत दरवर्षी माझा लीक शेवटचा आणि तुझ्या डेलियांना पहिलं बक्षीस!"