ज्वारीच्या कोठीतली जपमाळ

वीस वर्षांपूर्वी कॅथलिक तेरेजा मेहकरच्या प्रोटेस्टंट पाळकाची सून झाली, तेव्हाच सासऱ्यांनी बजावलं होतं, “पाठ केलेली प्रार्थना या घरात चालत नाही. देवासंग आपल्या शब्दांत बोला लागते.” तिची जपमाळ ज्वारीच्या कोठीत गेली. आता सासूबाईंनी अंथरूण धरल्याला आठवं वर्ष लागलं होतं आणि आज पाण्याचा घोटही उतरत नव्हता. सासरे उशाशी बसले. प्रार्थनेसाठी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. “तेरेजा, माळ काढ वं.” “आता चालते काय, मामाजी?” “माह्याजवळचे शब्द सरले, पोरी.” तिनं मणी पदरानं पुसले. “पवित्र मरिये, आम्हा पाप्यांसाठी आता आणि...” ती अडखळली. सासूबाईंसमोर पुढचं तोंडातून निघेना. “...आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर,” सासऱ्यांनी ओळ पुरी केली. तिनं चमकून पाहिलं. “भाकरी थापताना रोज म्हनते तू. मी आयकतो.”